डमी आउटपुट

महानंदा हुडगेच्या टेबलावर मॉनिटर नाही.
मी तिथंच अडखळलो.
किबोर्ड, सीपीयू, दोन पिवळट स्पीकर,
काट्यावरच्या पावत्या टोचलेली तार.
बाहेर दाळमिल भरात,
तुरीची चुनी उंबऱ्यापर्यंत उडत आलेली.

"अपडेट टाकलं आन् परवापासून गप हाय," ती म्हणाली,
माझ्याकडं नाही, माझ्या चपलांच्या आवाजाकडं तोंड करून.
"पडद्याचं काम नाही मला. वाचून दाखवणारा पाहिजे.
एकशेचाळीस पोत्यांचा हिशोब आत अडकलाय."

मला मात्र पडदा पाहिजेच.
डोळे झाकून रिपेअरिंग कुठं शिकलोय मी?
दुकानातून मॉनिटर आणला, मोटारसायकलीवर,
पोराच्या मांडीवर, नळेगाव रोडचे खड्डे चुकवत.
एचडीएमआयची केबल खोचली.
उजेड झाला. माझ्यापुरता.

सेटिंगमध्ये लिहिलेलं: डमी आउटपुट.
म्हणजे बोलणारा बोलतोय,
आणि ऐकायला बुजगावणं उभं.
कार्ड जागेवर होतं.
नव्या कर्नलनं त्याला ओळखच दाखवली नव्हती,
बदली होऊन आलेल्या साहेबागत.

ड्रायव्हर हातानं चढवायचा, तर पासवर्ड मागितला.
तो तिनं टाकला. मला म्हणाली, "तिकडं बघा."
बघितलं असतं तरी काय?
टर्मिनलवर पासवर्डाचे ठिपकेही उमटत नाहीत.
तेवढ्या जागेत आम्ही दोघं सारखेच.

बुजगावणं गेलं. कार्डाचं नाव आलं.
आवाज नाही.
अल्सामिक्सर उघडला. काळ्या पाटीवर उभ्या पट्ट्या,
मास्टरच्या पायाशी दोन एम, कुलपासारखे.
कुलूप काढलं, पट्टी शंभरावर नेली.
चाचणीची खरखर सोडली. हिरवा काटा नाचत होता,
आवाज कुठंतरी धावत होता
आणि स्पीकर कोरडे.
मोबाईलला लावले तर वाजले.
हिरव्या भोकातली पिन गुलाबीत, गुलाबीतली हिरव्यात.
एक तास.

"आतला पंखा घासू लालाय," ती मधेच म्हणाली,
"डाव्या अंगाला."
झाकण काढलं. घासत होता.

मग थोड्या वेळानं:
"तुम्ही आल्यावर नवीन काय लावलं ह्याला?"
"मॉनिटर."
"त्याला तोंड हाय का?"

मी मॉनिटरच्या पाठीवरून हात फिरवला.
जाळी नाही. भोक नाही.
सेकंडहँड, सोळाशे रुपयांचा, जन्माचा मुका.
आवाज त्याच केबलीनं तिकडं चालला होता
उजेडाच्या मागं मागं.
तासभर माझ्या पडद्याला
तिचा हिशोब वाचून दाखवत होता.

माऊसच्या एका टिचकीत रस्ता बदलता आला असता.
मी केबलच उपटली.

स्पीकर खाकरले.
जोडाक्षराला ठेचकाळणारी ती यंत्राची मराठी:
"रकाना क. ओळ सत्तेचाळीस. तूर. एकशेचाळीस."
तिनं वेग वाढवला. आणखी वाढवला.
पोत्याची शिवण उसवून दाणे सांडावेत तसा आवाज,
मला एक शब्द लागेना.
ती मान हलवत गेली, थांबली, दोन ओळी मागं आली.
"हे एकशेएक्केचाळीस पाहिजे."

सेटिंग जपून ठेवायची राहिली होती.
काळ्या काचेसमोर बसून
मी अक्षर अक्षर सांगितलं, तिनं दाबलं.
एक अक्षर मी चुकलो,
ते यंत्रानं मोठ्यानं सांगितलं.

"पावतीवर काय लिहू? ड्रायव्हर?"
"पंखा लिहा," ती म्हणाली.
"तो अजून घासू लालाय."