फुटव्हॉल्व्हवरचं

पंप पाणी ओढत नाही, असा सांगावा आला
सावरगावच्या वायनरीतून, माघ संपता संपता.
धरण निम्म्यावर उतरलेलं,
काठाच्या गाळाला भेगा, भेगांत शिंपले.
मी सिलिंडर पाठीवर घेतला.
यशवंत बेंडकुळे दोरी धरून होडीत बसला:
दोनदा ओढली तर ठीक,
तीनदा ओढली तर वर घे.
एवढीच आमची भाषा, अकरा वर्षांची.

गंगापूर धरणात डोळ्यांचा उपयोग नाही.
दोन पुरुष खाली गेलं की सगळा चहा.
मग मी हातांनी बघतो.
हातांना कळतं
मूळ कुठलं, केबल कुठली,
बाभळीचा काटा कुठला, माशाचा कुठला.
केसही कळतात.
त्याबद्दल मी घरी बोलत नाही.

म्हणून पाइप धरून उतरताना
जाळीपाशी हात गेला
आणि काहीतरी मऊ लागलं,
तेव्हा मी हात मागे घेतला
आणि श्वास मोजायला लागलो.
इतकं मऊ, इतकं गार.
कुणीतरी असणार.

टॉर्च अगदी जवळ नेला.
कुणी नव्हतं.
फुटव्हॉल्व्हला मिठी मारून बसलेला
भोपळ्याएवढा एक गोळा,
शिजलेल्या साबुदाण्यासारखा, आरपार,
आणि त्याच्या अंगभर, दाटीवाटीनं, तारे.
बारीक. खसखशीएवढे.
प्रत्येक ताऱ्याला केसर,
प्रत्येक केसर हलतंय.

मालवणला शिकायला होतो तेव्हा
उस्तादांनी एकदा खडकाकडे बोट केलं होतं.
मऊ पोवळं. जांभळं. लाटेबरोबर झुलणारं.
वर आल्यावर मी म्हणालो, झाड आहे.
ते म्हणाले, जनावर आहे.
मास्क धुता धुता पुन्हा म्हणाले,
जनावर नाही, जनावरं.

पण इथं मीठ कुठलं, लाट कुठली?
समुद्र तसा डोंगरापलीकडेच,
पण आमची गोदावरी त्याच्याकडे पाठ करून निघते.
मग हे कोण? कुणाचं?
बोट जरा टेकवलं,
तर सगळे तारे एकदम आत.
वस्तीत जीप शिरल्यावर
पटापट दारं लागतात, तसे.

मी हललो नाही.
काट्यावर हवा बघितली. सत्तर.
एक दार उघडलं.
बऱ्याच वेळानं दुसरं.
मग कुणीतरी कुणाला तरी सांगितल्यासारखी
सगळी गल्ली.

दोरी हलली. यशवंत विचारत होता.
मी दोनदा ओढली.
ठीक.
दुसरं काही सांगायला आमच्याकडे खूणच नव्हती.

खरवडायचे अठराशे ठरले होते.
खुरपं कमरेला होतं.
खरवडलं.
विरोध म्हणून काही झालाच नाही,
खरवस कापावा तसं ते सुटत गेलं,
तुकडे चहात विरून दिसेनासे झाले.
एक ओंजळभर मी बाजूच्या बुडालेल्या बाभळीत
दोन फांद्यांच्या बेचक्यात बसवला,
जसा बसला तसा.
एक जेवणाच्या डब्यात घेतला.

पंपानं खोकून पाणी धरलं.
मॅनेजर म्हणाला, निघाली का घाण?
निघाली, म्हणालो, आणि पैसे मोजून घेतले.
घरी, मखमलाबादला, लेकीला बोलावून डबा उघडला.
शर्वाणी वाकून बघत राहिली.
पप्पा, ह्यात तर पाणीच आहे.
वासही मारत होतं.
बायकोनं डबा तीनदा घासला.

परवा गिरणाऱ्याला एक मोटर काढायची होती.
होडी सोडायच्या आधी मी यशवंतला म्हणालो,
चारदा ओढली तर.
तो म्हणाला, तर काय?
तर काही करू नको, म्हणालो.
नुसता थांब.