तीन-पाच, आठ-पाच

पहाटे पाचला शटर अर्धंच वर घेते,
मशीनला गरम पाणी पाजते
आणि कुणी यायच्या आत
घरच्या गायीचा नमुना लावते.
तीन-एक. आठ-तीन.
गाय माझी, मशीनवरचा हात माझा,
तरी रोज वाटतं, आज ते भीड ठेवील.

भिंतीवर शासन निर्णय लावलाय.
चिकटपट्टी सुटली की भाताच्या शितांनी डकवते.
गायीच्या दुधाला चौतीस रुपये,
फॅट तीन-पाच, एसएनएफ आठ-पाच असेल तर.
सिंधूबाई घुगेंना वाचता येत नाही,
चौतीस तेवढं येतं.
बोट ठेवून वाचतात. कागद तिथे काळा पडलाय.

"मग हातात एकोणतीस कसे गं, मंदे?"

मी हिशेब सांगते.
फॅटला तीन पॉइंट कमी, एसएनएफला दोन.
पूर्वी पॉइंटमागे तीस पैसे तुटायचे,
आता रुपया तुटतो.
चौतीस आहेत तिथेच आहेत,
त्यांना कुणी हात लावलेला नाही.
फक्त पायऱ्या उंच केल्यात.

सिंधूबाई पदराने कॅनचं तोंड पुसतात.
"म्हंजी भाव माझ्या गायीला दिलाच नाई.
ती तीन-पाचवाली, ती कुठं राहती?"

रांगेतून कुणीतरी पुटपुटतं, पाणी कमी घाल म्हणावं.
मी ऐकलं नाही असं दाखवते.
मनातल्या मनात मीही एकदा तेच म्हटलं होतं.

तीन-पाचवाली वावीच्या पुढे राहते म्हणतात.
तिथे माळावर पांढऱ्या पत्र्याचं शेड,
दोन हजार गायी, डोक्यावर पंखे,
आणि जत्रेतल्या चक्रीसारखं फिरणारं धारेचं यंत्र.
दिवाळीआधी त्यांनी आमच्या गावातून सात गायी नेल्या,
रक्त तपासून, दात बघून, रोखीने.
सिंधूबाईंची चंद्री त्यातलीच.
पैसे चांगले आले, न्हाणीला फरशी बसली.
यात रडण्यासारखं काही नाही,
हे त्या न विचारता सांगतात.

मार्चमध्ये मला बोलावणं आलं.
तिथल्या मशीनवर माणूस हवा होता.
गमबूट दिले, केसांना जाळी दिली,
एक दिवस करून बघा म्हणाले.
दुपारच्या धारेला चंद्री आली.
डावा कान फाटका, गळ्यात पट्टा, अकराशे सत्तेचाळीस.
हाक ओठांवर आली होती. मारली नाही.
तिने पाहिलंही नाही,
आपणहून पाय उचलून चक्रीवर चढली.
अंगाने भरली होती, कातडं चकाकत होतं.
हे सांगितलं नाही तर खोटं होईल.

तिचा नमुना माझ्याच हाताखाली आला.
तीन-दोन. आठ-तीन.
चारा बदलला, पाणी बदललं, नाव गेलं,
आकडा गावाकडचाच.

सुपरवायझरला विचारलं, याचे किती कापायचे?
कोवळा पोरगा, वाघचौऱ्यांचा. हसला.
"ताई, कापायचे कुणाचे?
गाय आपली, मशीन आपलं, पिशवी आपली."
वर म्हणाला, हे सगळं टँकरमध्ये एक होतं,
कमी-जास्त आपण करून घेतो.

सोमवारपर्यंत कळवायचंय त्यांना.
पगार इथल्या दुप्पट आहे.

आज सकाळी सिंधूबाईंना सांगितलं,
चंद्री बघितली, बरी आहे.
त्यांनी कॅन खाली ठेवला.
ओळखलं का तिने, हे त्या विचारतील
म्हणून मी उत्तर जुळवून ठेवलं होतं.

"फॅट किती लागली?"

तीन-दोन, मी म्हटलं.

त्या रांगेकडे वळल्या,
एकेका तोंडाकडे बघत गेल्या, सावकाश,
शेवटी माझ्याकडे.
मी मान खाली घालून स्लिप फाडली,
वेडीवाकडी फाटली.