वाटेचं पाणी

त्या वर्षी दिल्लीत प्रश्न होता:
एका कंपनीचा कॉल दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात शिरला
तर आत येण्याचे पैसे किती,
वीस पैसे, की कमी, की काहीच नाही.
मी खर्चाचे तक्ते घेऊन
अर्जुनीकडच्या एका तलावाच्या पाळीवर बसले होते,
नमुन्यात हे गाव निघालं म्हणून.

समोर पाटकरी, देवाजी कापगते.
पोटरीवर वाळलेला चिखल,
खिशात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला फोन.

प्रश्न अकरावा मी वाचला:
मिनिटामागे दहा पैसे वाढले तर कॉल किती कमी कराल?
"मी कॉल करतच नाही, बाई."
बरं. मागणीची लवचिकता: निघत नाही.
चौकटीत रेघ.

तेवढ्यात पिशवी वाजली. एकदाच.
तो पाण्यात उतरला, तुडुमाचं बूच उपसलं
आणि पाटाला गती आली.
"शेंड्यावरून भागरथा उरकुडे.
एक घंटी, सोडा. दोन, बंद.
तीन वाजली तं साप निघाला."

मग अर्जात नसलेलं विचारलं:
वरच्या बांधीतून खालच्या बांधीत पाणी जातं,
वरचा वाटेचे पैसे मागतो का?

"मांगते ना. मागच्या साली सोमानं मांगले.
पान्यानं धुरा झिजते म्हने.
झिजते, खोटं नाही.
मंग आमी पानी जायच्या आंधी मोजलं, गेल्यावर मोजलं.
दोन पाट्या माती कमी भरली.
दोन पाट्या टाकून देल्ली त्याच्या धुऱ्यावर.
तो चार मांगत होता."

आधी मोजलं, नंतर मोजलं.
वाढीव खर्च म्हणतात याला आमच्यात.
त्यावर एकशे बारा पानं लिहिली होती आम्ही,
कंपन्यांनी मागितलेल्या चार पाट्यांसकट.

पिशवी दोनदा वाजली.
त्यानं बूच ठोकलं, हात धोतराला पुसले.
"हे लिवलं का?"
"न उचललेला कॉल धरत नाहीत, काका.
त्याचे पैसे कुणालाच मिळत नाहीत."
"पर पानी तं पोचलं."

रात्री वडशाच्या गाडीत,
गुडघ्यावर वही धरून,
तळटीप तेवीस लिहिली.
घंटी, तुडूम, भागरथा, सगळं.

अहवाल छापून आला तेव्हा आधी तीच शोधली.
तेवीसवर
कुठल्याशा परिपत्रकाची तारीख होती.