दोराच्या या टोकाला

पहिली सभा भरली बीट साठवायच्या गोदामात,
लात्वियाच्या पश्चिमेला, मार्चमध्ये,
जेव्हा बर्फ धड जात नाही
आणि चिखलाला धीर धरवत नाही.
आम्ही सात जण. खुर्च्या पाच.
मोद्रिस उभा राहिला, म्हणून तो अध्यक्ष झाला.

नावावरून पावणेदोन तास.
कुणाला करकोचा हवा, कुणाला घार.
वेल्ता म्हणाली, पक्षी जगातल्या बाकीच्या क्लबांनी
केव्हाच वाटून घेतलेत. आधी खातं उघडा.
बँकेतल्या पोरीनं विचारलं, संस्थेचा उद्देश?
हवेत राहणं.
उत्पन्न?
नाही.
मग इंधनाचा खर्च?
तोही नाही.
पोरीनं ‘इतर’वर खूण केली.
गावात तेव्हापासून आमचं नाव ‘इतर’.

धावपट्टी होती, म्हणजे एके काळी होती.
सामूहिक शेतीच्या दिवसांत तिथून फवारणीची विमानं उडत.
आता काँक्रीटच्या भेगांतून बर्चची रोपं, कमरेएवढी.
दोन शनिवार उपटत होतो.
जिंत्राच्या गाईंना समजावलं.
एक अजून समजलेली नाही.

ग्लायडर आलं पोलंडहून, ट्रेलरवर,
पंख काढून कुशीला बांधलेले,
आजारी माणूस कुबड्यांसकट घरी आणावा तसं.
दोन आसनी. माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाचं.
काचेला तडा, तड्यावर चिकटपट्टी,
पट्टीखाली आधीच्या कुणाचा तरी अंगठा उमटलेला.

विंच मात्र माझा.
मोडीत निघालेल्या लॉरीचं इंजिन, त्यावर ड्रम,
आठशे मीटर दोर.
मैदानाच्या टोकाला तो बसतो नांगी वर करून,
आणि मी त्याच्या पाठीवर, जाळीच्या पिंजऱ्यात.
मी का उडत नाही, हे मला कुणी विचारत नाही.
चर्चच्या छपराला पत्रे ठोकायला चढलो होतो तेव्हा
मला खाली आणायला बंब मागवावा लागला.
गाव लहान आहे.

पलीकडून दिवा लुकलुकतो, सावकाश : दोर ताठ कर.
मग भराभर : ओढ.
मी ओढतो.
वजन आधी गवतातून येतं, घसटत, कुरकुरत,
मग गवत सुटतं
आणि इंजिनाच्या आवाजात एक माणूस चढू लागतो.
तो घाबरलाय का, हे मला तळहातात कळतं.
डोळे दोरावर. उजव्या हाताशी कुऱ्हाड,
तिकडे कडी अडकलीच तर तोडायला.
पहिल्यांदा मोद्रिस गेला, चार मिनिटांत खाली आला
आणि एवढंच म्हणाला,
तुमच्या सगळ्यांच्या छपरांना रंग हवाय.

मग जूनमध्ये राइतिस, सतरा वर्षांचा.
मागे आउस्मा, प्रशिक्षक, बाहत्तरची,
दर रविवारी बसनं येते, डबा आणते, कुणाला देत नाही.
साडेतीनशे मीटरवर त्यांनी कडी सोडली.
झोपलेलं मूल पाळण्यात ठेवल्यावर
हात क्षणभर तसेच राहतात ना, अधांतरी,
तसे माझे राहिले लिव्हरवर.
विंच हलका होऊन केकाटला.
दोराच्या शेंड्याची छोटी नारिंगी छत्री उघडली,
वाऱ्यानं तिरकी होत
शेजारच्या मोहरीत जाऊन पडली.

मी ती आणायला गेलो. म्हणून मी पाहिलं नाही.
सांगतात की लाकडाच्या गिरणीवर,
जिथे फळ्या उन्हात वाळत घालतात,
तिथे गरम हवेचा खांब उभा होता.
करकोचे आधीच त्यात फिरत होते.
त्यांनी सरकून जागा दिली.
एकतीस मिनिटं.
वेल्तानं आकडा डिझेलच्या पावतीमागे लिहून ठेवलाय,
माझ्या विंचच्या डिझेलच्या.
सगळ्यांनी माना वर करूनच पाव खाल्ला,
जिंत्राच्या कोटावर अजून लोण्याचा डाग आहे.

मी मोहरीत होतो, छातीएवढ्या पिवळ्यात, छत्री गुंडाळत.
एक सावली माझ्यावरून गेली,
लांब, अरुंद, बिनआवाजाची.
वळून आली. पुन्हा गेली.
मी मान वर केली नाही.
छत्रीच्या दोऱ्यांत गोखरूचा गोळा अडकला होता,
तो सोडवत होतो,
आणि उगाचच हळू सोडवत होतो.