चौदावी पुडी

मस्कासाथेतला दुकानदार दरवर्षी विचारतो,
काका, एवढ्या नागरमोथ्याचं करता काय?
दरवर्षी मी म्हणतो, साबणाचा कारखाना टाकतोय.
तो हसतो. गव्हला कचोरा, आंबेहळद,
वाळा जरा जास्तच बांधतो.

संत्र्याच्या साली मात्र घरच्या,
फेब्रुवारीत खाल्लेल्या,
मेच्या गच्चीवर दोन दिवसांत खडखडीत झालेल्या.
आमच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग.

तराजू कॉलेजच्या लॅबचा.
डिजिटल आल्यावर भंगारात निघाला,
तीनशे रुपयांत घरी आणला काचेच्या पेटीसकट.
अडतीस वर्षं त्याच्यापुढे श्वास रोखून उभा होतो.
आता उटणं तोलतो.
काटा अजून माझ्या श्वासानं थरथरतो.

पुड्या फिल्टर पेपरच्या. वर नाव, तारीख,
आणि सवयीनं: थंड व कोरड्या जागी ठेवावे.

तेरा पुड्यांचं ठरलेलं असतं.
मेश्राम मास्तरांना हळद नको, बनियन पिवळं होतं.
इस्त्रीवाल्याच्या जुळ्या पोरींना दोन,
एक दिली की भांडतात.
वगैरे.

चौदावी कुंभलकर बाईंची.

लॅबमध्ये त्या बाटल्या धुवायच्या.
ओल येऊन लेबलं गळाली
की प्रोफेसर बाटल्या माझ्याकडे सरकवायचे,
मी बाईंकडे.
त्या झाकण काढायच्या,
तळव्यानं वारा नाकाकडे ओढायच्या, लांबूनच,
आणि म्हणायच्या,
हे अमोनिया नाही जी, हे त्याचं भावंडं.
सातवी पास.
एकदाही चुकल्या नाहीत.

दोन वर्षांमागच्या तापात त्यांचं नाक गेलं.
येईल परत, मी फोनवर म्हटलं.
दूध जळून राह्यते, त्या म्हणाल्या,
अन् मले समजतच नाही जी.

मागच्या दिवाळीत त्यांची पुडी केली नाही.
चेष्टा होईल असं वाटलं.
मग वर्षभर ती न केलेली पुडी
घरात कुठंतरी सांडलेली,
झाडूनही न निघणारी.

यंदा मसूर जाडसर भरडली.
तांदळाची कणी घातली.
साल दळली नाही, हातानं चुरली,
बोटांना खवले लागावेत अशी.
आणि पुदिन्याचं फूल, चिमटीनं, काचेवर तोलून.
गारव्याला नाक लागत नाही,
कातडी पुरते.
रात्री बाराला मोरीत मनगटावर लावून पाहिलं,
पुन्हा थोडं वाढवलं.

मानेवाड्याला स्कूटरनं गेलो.
पुडीवर काही लिहिलं नव्हतं.
बाईंनी उघडली,
तळवा आपोआप वर गेला, वारा ओढला,
मग तो हात तसाच हवेत,
कुणाला तरी बोलावून विसरल्यासारखा.

मी म्हटलं, पाण्यात कालवून लावा.

पायरीवरच बसल्या. तांब्यातलं पाणी,
मनगट, हळूहळू कोपरापर्यंत.
खरखरते, म्हणाल्या.
मग काहीच नाही.
समोर कुणीतरी दाराला तोरण बांधत होतं,
खिळा वाकडा जात होता.

थंड लागून राह्यलं जी.
डोळे मिटलेले होते.
कापूर?

पहिल्यांदाच चुकल्या.
मी म्हटलं,
नाही. त्याचं भावंडं.