पगारी मरण

ओसाका. सहाचा भोंगा होतो
आणि मिनोरी मरते.
ऑक्टोबरभर. रोज.

गालावर मेणाची जखम, एक पाय फरफटत
पॉपकॉर्नच्या गाडीमागून निघते;
गणवेशातल्या पोरी किंचाळतात,
किंचाळता किंचाळता फोटो काढतात.

काल एक पोरगं पळालंच नाही.
भोपळ्याची टोपी सावरत म्हणालं,
"खूप दुखतंय का?"

मेलेल्यांना बोलायची मनाई आहे.
तिनं नुसती मान हलवली,
हो की नाही, तिलाही कळलं नाही.

रात्री कोपऱ्यावरच्या दुकानात
म्हातारे ओनिझुका भाताचा गोळा गरम करतात,
तिच्या मानेवरचं पुसायचं राहिलेलं रक्त बघतात,
सुटे मोजतात,
आणि पिशवीत
ओला रुमाल टाकतात.
एक नाही, दोन.