उणे एकोणीस

सोमवारी हजेरी घेतली तेव्हा
सहावीच्या एकतीस पोरांपैकी सतरा हजर.
बाकीच्यांचं कारण मला वासानंच कळलं:
गावाच्या चारी अंगांनी हळदीचे कुकर पेटलेले,
वाफ खिडकीतून येऊन फळ्यावर बसायची,
खडू धड उमटेना.
"अर्शिया कामून आली नाही?"
"बाई, तिच्याकडं हळद शिजायली."
मी गैरहजर लिहिलं.
हळद शिजण्यासाठी हजेरीपटावर रकाना नाही.

पूर्णांक संख्या दोनदा शिकवून झाल्या होत्या.
संख्यारेषा काढली, शून्य मधोमध,
उजवीकडं अधिक, डावीकडं उणे.
"उणे म्हणजे कुठं?" मुंजाजीनं विचारलं.
डावीकडं, मी म्हटलं.
तो डावीकडं बघत राहिला.
तिथं खिचडीच्या तांदळाची पोती होती.

म्हणून मंगळवारी अख्खा वर्ग बारवेवर नेला.
मुख्याध्यापकांना सांगितलं, क्षेत्रभेट.
काठाची शिळा म्हणजे शून्य,
एकेक पायरी उतरायची, एकेक उणं म्हणायचं.
उणे पाचला शेवाळाचे वाळके पापुद्रे,
उणे अकराला कोनाडा, त्यात देव नाही, पारव्याचं घरटं,
उणे चौदापासून आवाज परत यायला लागतो:
नागोरावनं आपलं नाव ओरडून पाहिलं,
मग सगळ्यांनी आपापलं,
मग माझं, आडनावासकट.
पाणी लागलं उणे एकोणीसला.
गंगासागरनं नव्या वहीत तारीख घालून लिहून घेतलं.

"उणे एकोणीस मोठी की उणे चौदा?"
मी शून्यावरून विचारलं.
"चौदाऽऽ!" पाठ झालं होतं.
शिवकन्या मात्र खालीच होती, पाण्याजवळ.
"बाई, एकोणीस लहान कामून?
नळ आला नाही की म्या इथूनच पाणी नेते.
भरली घागर घेऊन वर या,
मग सांगा कोण मोठं."

कुणी हसलं नाही.
पुस्तकात लहान, मी म्हटलं,
आणि बारवेनं ते वाक्य
जसंच्या तसं मला परत केलं.

बुधवार माहिती भरण्यात गेला.
किती जणांचं आधार, किती जणींना सायकल,
शौचालयाचा फोटो, दारासकट, तातडीनं.
पोरं मनातल्या मनात पाढे म्हणत होती,
म्हणजे म्हणत नव्हती.

गुरुवारी विज्ञान. दर्शक.
हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद,
त्यावर साबणाचा एक थेंब. लाल.
मी थांबले, कुणीतरी अबब म्हणेल म्हणून.
अर्शिया आली होती, कोपरापर्यंत पिवळी.
"हे तर रोजचंच हाय, बाई,"
म्हणाली आणि उठून बादलीपाशी गेली,
साबण घेतला, हात चोळले,
आणि दोन्ही हात तिचे लालेलाल.
मग काय, सगळा वर्ग बादलीपाशी.
"लिंबू पिळा, परत पिवळे होतेत."
हे मला माहीत नव्हतं.
म्हणजे, पुस्तकातून माहीत होतं.

शुक्रवारी चाचणी. प्रश्न दुसरा, लहानमोठेपणा ठरवा:
−१९ ▢ −१४
चौकटीत सगळ्यांचं चिन्ह बरोबर,
शिवकन्याचंही.
फक्त तिनं खाली पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं:
पुस्तकात.
एक गुण होता, तो दिला.
मग लाल पेन उघडं धरून बराच वेळ
त्या एका शब्दाला काय द्यावं
याचा विचार करत बसले. शाई वाळली.

शनिवार, सकाळची शाळा.
कवायत संपता संपता
मुंजाजी आणि गंगासागर वही घेऊन पळाले,
धापा टाकत परत आले.
"बाई, अजून एक पायरी उघडी पडली."
"मग किती?"
"उणे वीस," मुंजाजी म्हणाला
आणि बोट खाली केलं.
वहीत तारखेवर
कुणाचातरी पिवळा अंगठा.